उसावरून उडणाऱ्या ड्रोनचा चार सेंटिमीटरचा अँटेना

ड्रोनवरचा अँटेना मोडतो तो बहुधा उतरताना. निपाणी-चिकोडीकडच्या शेतांत तर हमखास. तिथे ड्रोन उतरवायला मोकळी जागा म्हणजे एक तर बांध, नाही तर तोड होऊन गेलेला उसाचा फड, आणि त्या फडात टोकदार बुडखे उभे. ड्रोन खाली येतो, पंख्यांचा वारा जमिनीवर आपटून उलटा येतो, ड्रोन जरा डुलतो आणि पोटाखाली लोंबणारी काळी काठी बुडख्याला अडकून मुळातून निखळते. माझा मावसभाऊ त्या भागात उसाच्या पाहणीची कामं घेतो. त्याच्या खोक्यात अशा निखळलेल्या काठ्यांचा ढीग साठला होता. "दर खेपेला नवीन घालायचं म्हणजे काय परवडतंय होय? असा कर की मोडायला बाहेर काय ऱ्हायलाच नको," एवढीच त्याची मागणी.

मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपात कंट्रोल पॅनेलची कामं करतो. अँटेना हा विषय परीक्षेपुरता झालेला. पण काठीची लांबी कुठून येते हे सांगायला तेवढं पुरतं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. भावाच्या ड्रोनची टेलिमेट्री, म्हणजे उंची, बॅटरी, जागा हे खाली कळवणारी आणि खालचे हुकूम वर नेणारी जोडणी, ८६६ मेगाहर्ट्झवर चालते. तरंगलांबी झाली ३४.६ सेंटिमीटर. उभ्या काठीला तिचा चतुर्थांश लागतो, तो साडेआठच्या जरा वर. त्यात खालचा सांधा आणि वरचं प्लास्टिक धरलं की ती काठी तयार.

मग २.४ गिगाहर्ट्झवर का जात नाही, तिथे चतुर्थांश फक्त ३.१ सेंटिमीटर, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एक तर त्याचा व्हिडिओ आधीच २.४ वर चालतो आणि शेजारी दुसरा ट्रान्समीटर नको होता. दुसरं म्हणजे अंतराचा हिशेब. तोटा मोजायचा डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये; दर दहा डीबीला शक्ती दहापट कमी. एक किलोमीटरला मोकळ्या हवेतला तोटा २.४ गिगाहर्ट्झला १०० डीबी, ८६६ मेगाहर्ट्झला ९१. नऊ डीबी म्हणजे आठपट शक्तीचा फरक. वरची लहर वाटेत जास्त दमते असं यात काही नाही. तिचा अँटेना आकाराने लहान, म्हणून तो कमी क्षेत्रातली ऊर्जा गोळा करतो. दमण्याचा भाग वेगळा, तो उसात येतो. रसरशीत ओला पाला वरच्या वारंवारितेला जास्त खातो. शिवाय ८६५ ते ८६७ हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. परदेशी ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल बाजारात सर्रास मिळतात, पण इथे ते लावायचे नाहीत. त्याला अगदी चिकटून मोबाइलची वाहतूक आहे.

तर ८६६ पक्कं, आणि जागा ड्रोनच्या प्लास्टिकच्या पायात: चार सेंटिमीटर लांब, सव्वा सेंटिमीटर रुंद. तरंगलांबीच्या आठव्या हिश्शापेक्षा थोडी कमीच.

लहान अँटेना फुकटात मिळत नाही. १९४७ मध्ये हॅरल्ड व्हीलर आणि १९४८ मध्ये लान जेन चू या दोघांनी हे गणिताने बांधून ठेवलंय. आकार, पट्ट्याची रुंदी आणि कार्यक्षमता या तिघांत आकाराला कात्री लावली की उरलेल्या दोघांतलं काही तरी सोडावं लागतं. आमच्या बाजूची गोष्ट अशी की आम्हाला पट्टा हवा फक्त तीन मेगाहर्ट्झचा, म्हणजे ८६६ च्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २.४ वाल्यांना साडेतीन टक्के लागतात. म्हणजे रुंदी सोडून देऊन आकार मिळवता येतो. पण अरुंद अँटेना आपल्या जागेवरून जरा हलला की पट्ट्याबाहेर जातो, आणि ड्रोनवर त्याला हलवणाऱ्या गोष्टी भरपूर. हे कागदावर वाचलं होतं; त्याचा अर्थ पुढे कळत गेला.

आकृती निवडली ती उलट्या एफची. तांब्याच्या पट्टीचं एक टोक ग्राउंडला जोडलेलं, त्याच्या जवळून सिग्नल आत येतो आणि दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाची लांबी कमी-जास्त केली की वारंवारिता बदलते. सिग्नलची जागा ग्राउंडच्या टोकाजवळ किंवा लांब सरकवली की रेडिओच्या ५० ओहमशी मेळ बसतो, म्हणजे शक्ती परत न फिरता अँटेनात जाते. दोन गोष्टी जवळपास स्वतंत्रपणे हाताळता येतात, म्हणून घरी करणाऱ्याला हा प्रकार सोयीचा. जागा कमी असल्याने मोकळं टोक नागमोडी केलं. नागमोडीत शेजारच्या पट्ट्यांमधले प्रवाह उलट दिशेने वाहतात, ते एकमेकांना मारतात, म्हणून वळणं जितकी दाट तितका तांब्याचा उपयोग कमी. तेव्हा वळणं थोडी आणि सैल ठेवली.

ओपनईएमएस या मोफत प्रोग्राममध्ये आकृती घालून लॅपटॉप रात्रभर चालवत होतो. बोर्ड नेहमीचा एफआर-४, म्हणजे सर्किटला वापरतात तो काचतंतूचा, १.६ मिलिमीटर जाडीचा. अँटेनाच्या कामाला हा माल काही उत्तम नव्हे. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तो लहरीला किती आखडतो ते सांगणारा आकडा, ४.४ च्या आसपास धरतात, पण प्रत्येक गठ्ठ्याचा वेगळा, आणि ऊर्जेचा काही भाग तो स्वतः खातो. तरी स्वस्त आणि जवळ मिळतो. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, इस्त्रीने तांब्यावर दाबायची, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायची. आईने ती इस्त्री नंतर कपड्यांना लावू दिली नाही.

मोजायला नॅनोव्हीएनए, म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते ते प्रत्येक वारंवारितेला दाखवणारं यंत्र. हे खिशात मावणारं यंत्र आता कुणालाही परवडतं, आणि याच्यामुळेच माझ्यासारखा माणूस या भानगडीत पडू शकला. केबलच्या टोकाला आधी ओपन, मग शॉर्ट, मग ५० ओहमचा लोड लावून त्याला शिकवायचं, आणि मग अँटेना जोडायचा. पडद्यावरची रेघ जिथे खाली उतरते तिथे अँटेना शक्ती आत घेतो. उणे दहा डीबी म्हणजे दहा टक्के परत आली, नव्वद टक्के आत गेली. आत गेली म्हणजे हवेत गेली असं मात्र नाही. ५० ओहमचा साधा रेझिस्टर लावा, रेघ सगळीकडे तळाला जाते. म्हणून रेझिस्टर काही अँटेना होत नाही. सुंदर रेघेचे फोटो दाखवून अँटेना विकणाऱ्यांना मी आता हा प्रश्न विचारतो.

रेघ उतरली ८४० च्या आसपास. अपेक्षितच होतं, पट्टी मुद्दाम लांब ठेवली होती. सरळ चतुर्थांश काठीला एक मिलिमीटर कापलं की साधारण दहा मेगाहर्ट्झ वर जातात. नागमोडीत तेवढं सरळ गणित नाही, पण ब्लेडने टोक खरवडत वर जाता येतं. जास्त कापलं गेलं तर तांब्याची चिकटपट्टी लावून परत खाली.

गंमत अशी की केबल हातात धरली की रेघ एकीकडे, टेबलावर ठेवली की दुसरीकडे. उलट्या एफला दुसरा अर्धा भाग लागतो, तो म्हणजे बोर्डाचं ग्राउंड. माझं ग्राउंड आठ सेंटिमीटरचं, ८६६ ला ते अपुरं. मग प्रवाह जागा शोधत केबलच्या बाहेरच्या अंगावरून मागे वाहतो आणि केबल, यंत्र, हात सगळे अँटेनात सामील होतात. केबलवर फेराइटचे मणी ओवले, यूएसबी काढून यंत्र त्याच्या बॅटरीवर चालवलं, तेव्हा रेघ जरा ठिकाणावर आली. पण मुद्दा केबलचा नव्हताच. टेबलावर जे काम केबल करत होती ते ड्रोनवर बॅटरीच्या वायरी आणि फ्रेम करणार. तेव्हा टेबलावर बारीक सूर लावत बसण्यात अर्थ नाही. अँटेना पायात घालून, बॅटरी जोडून, पंखे काढून, अख्खा ड्रोन समोर ठेवून मोजायचं. तिथून पुढे मी तसंच केलं.

ड्रोनवर रेघेचा उतार बघता बघता खालच्या मेगाहर्ट्झकडे सरकला. वरची प्लेट कार्बन फायबरची. कार्बन फायबर दिसतं प्लास्टिकसारखं, पण वीज वाहतं, आणि अँटेनाच्या जवळ आलं की त्याला ओढून घेतं. ज्यांनी अँटेना कार्बनच्या नळीत लपवला त्यांनी तो डब्यात बंद केला असं समजावं. आमचे पाय प्लास्टिकचे म्हणून निभावलं; अँटेना पायाच्या खालच्या टोकाकडे सरकवून प्लेटपासून लांब नेला. दुसरी अडचण ड्रोनच्या हातांची, म्हणजे मोटर धरणाऱ्या दांड्यांची. मोटरकडे जाणाऱ्या वायरी प्रत्येक हातातून सतरा-अठरा सेंटिमीटर धावतात, आणि ८६६ ची अर्धी तरंगलांबी १७.३. यागी अँटेनात, म्हणजे छतावरच्या जुन्या टीव्ही अँटेनात, मुख्य दांडीच्या पुढे-मागे नुसत्या उभ्या असलेल्या दांड्या लहर वळवतात. आमच्या चार हातांत तसलेच न बोलावलेले चार तुकडे बसले होते. हात आडवे आणि अँटेना उभा, म्हणून त्यांची जोडी फारशी जुळत नाही, पण ड्रोन कलला की काय होईल हे टेबलावर सांगता येत नव्हतं.

पहिलं उड्डाण भावाच्याच शेतात. बेळगाव शहराच्या आसपास हा खेळ करायचा नाही. सांबऱ्याचा विमानतळ, तिथलंच हवाई दलाचं ठाणं आणि शहरातली लष्करी हद्द, नकाशावर परवानगीचे रंग बघितल्याशिवाय काही वर सोडता येत नाही. निपाणीकडे ते सोपं. कागलच्या बाजूला पुढे गेलं की महाराष्ट्र लागतो, पण २०२१ चे ड्रोन नियम केंद्राचे, त्यामुळे रेषेच्या इकडे-तिकडे त्यात फरक पडत नाही.

ड्रोन रानाच्या पार टोकाला गेला, आकडे स्वच्छ येत होते. भाऊ खूश. परत आला, आमच्या डोक्यावर ६० मीटरवर थांबला, आणि आकडे अडखळले. थांबले. पुन्हा आले. आप्पा, म्हणजे भावाचे वडील, बांधावर बसून वर बघत होते. "अरे, तिकडं लांब व्हता तवा बोलत व्हता, आता डोसक्यावर हाय तर ऐकू येईना झालंय? उलटंच की हे."

उलटं नव्हतं, सरळ पुस्तकातलं होतं. उभ्या अँटेनातून लहर बाजूंना पसरते. त्याच्या टोकाच्या रोखाने जवळपास काहीच जात नाही. ड्रोनचा अँटेना उभा, भावाच्या हातातल्या रिमोटच्या खोक्यावरची काठी उभी, आणि ड्रोन बरोबर माथ्यावर म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांकडे. हिशेब मांडा. ट्रान्समीटर १०० मिलिवॅट, म्हणजे २० डीबीएम (एक मिलिवॅटला शून्य धरून मोजलेले डीबी). किलोमीटरचा तोटा ९१, हातात येतात उणे ७१. साठ मीटरचा तोटा फक्त ६७, म्हणजे माथ्यावर उणे ४७ यायला हवेत. पण दोन्हीकडचे खड्डे, म्हणजे टोकाच्या दिशेची तूट, पंचवीस-पंचवीस डीबीचे धरले तर उरतात उणे ९७. जवळचा ड्रोन किलोमीटरवरच्या ड्रोनपेक्षा शेकडो पटींनी मंद. आमचा रिसीव्हर कागदावर उणे ११० पर्यंत ऐकतो. पण शेजारी मोटरचे कंट्रोलर आणि कॅमेरा गोंगाट करत असताना ते कागदावरचं ऐकणं ड्रोनवर मिळत नाही.

या हिशेबाने माझी कामाची दिशाच बदलली. तोवर मी एकेक डीबी वाचवायला धडपडत होतो: एफआर-४ ऐवजी महागडा बोर्ड घ्यावा का, पट्टी रुंद करावी का. सगळं मिळून हाती लागणार तीन-चार डीबी. नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या ड्रोनकडे तीसेक डीबी शिल्लक असतात. त्यातले चार गेले तर कुणाला कळतही नाही. जोडणी तुटते ती खड्ड्यात. तेव्हा ड्रोनचा अँटेना करणाऱ्याने सगळ्यात उंच शिखर किती हे विचारू नये, सगळ्यात खोल खड्डा किती आणि तो कुठल्या दिशेला हे विचारावं. जाहिरातीत मात्र नेहमी शिखराचाच आकडा छापलेला असतो.

खड्डे शोधायला येळ्ळूरच्या माळावर गेलो, राजहंसगडाच्या बाजूला. उडवायचं काहीच नव्हतं. लाकडी स्टुलावर ड्रोन, खाली कोनांच्या रेघा मारलेलं पुठ्ठ्याचं वर्तुळ, आणि काही मीटरवर बांबूला बांधलेला दुसरा अँटेना. इतक्या लहान ड्रोनला ८६६ वर दीड-दोन मीटरच्या पुढचं अंतर दूरचंच धरता येतं, त्यामुळे मोठी जागा लागत नाही. जमिनीवरून परावर्तन येतं ते मात्र त्रास देतं, म्हणून दोन्ही बाजू जमेल तितक्या उंच. ड्रोन पंधरा-पंधरा अंशांनी फिरवायचा, आकडा लिहायचा. मग ड्रोन कुशीवर, मग उताणा, आणि तेच परत. गुरं चारायला आलेला एक पोरगा बराच वेळ बघून म्हणाला, "बिघडलाय काय हो हा? नुस्ता फिरवायलाय." त्याला वर्तुळ फिरवायला बसवलं, मी लिहायला मोकळा झालो.

वहीतल्या आकड्यांवरून दोन गोष्टी उघड झाल्या. माथ्याचा आणि तळाचा खड्डा होताच, तो पुस्तकातला. दुसरा होता ड्रोनच्या अंगाची सावली: अँटेना मागच्या डाव्या पायात, त्यामुळे पुढून उजवीकडून बॅटरी आणि प्लेट मध्ये येत होती. कलण्याची मला जी भीती होती ती मात्र फोल निघाली. ड्रोन वाऱ्यात वीस-पंचवीस अंश कलतो, तेवढ्याने ध्रुवीकरणाचा तोटा, म्हणजे दोन अँटेना एकमेकांशी तिरके झाल्याचा, एक डीबीच्या आत. साठ अंश कलला तर सहा डीबी, पण साठ अंश कललेल्या ड्रोनची काळजी वेगळीच करावी लागते.

उपाय दोन टोकांना केला. ड्रोनवर दोन अँटेना: एक मागच्या पायात उभा, दुसरा पुढच्या उजव्या हाताखाली आडवा. मॉड्यूल असा घेतला की ज्या अँटेनावर बरं ऐकू येतं त्याच्यावरूनच तो उत्तर देतो. एकाचा खड्डा जिथे, तिथे दुसऱ्याचा नसतो. छोट्या अँटेनाचा खरा फायदा मला इथे दिसला. दोन काठ्या लावल्या असत्या तर भावाने मला ड्रोनसकट घराबाहेर काढलं असतं.

जमिनीवरची काठी काढून पॅच, म्हणजे सपाट पत्र्याचा अँटेना, केला. १६ सेंटिमीटरच्या आसपास बाजू असलेला ॲल्युमिनियमचा चौकोन, त्याच्याखाली सेंटिमीटरभर हवा सोडून मोठा चौकोन. वरच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापले की लहर वर्तुळाकार फिरत निघते. अशी लहर उभ्या अँटेनाला आणि आडव्याला सारखीच पोचते. त्यासाठी तीन डीबी कायमचे द्यावे लागतात, पण खड्डा जातो. आनंदाने दिले. शिवाय पॅच पुढच्या बाजूला जोर लावतो, त्यात ते भरून निघतात, आणि तो रानाकडे तिरका ठेवला की माथाही त्याच्या टप्प्यात राहतो.

पत्रा कापायला उद्यमबागेतल्या मामांकडे गेलो. त्यांचं रोजचं काम हायड्रॉलिकच्या ब्लॉकचं.

"कोपरं कशाला कापायलास? चांगला चौकोन झालाय की."

"कोपरं कापल्याशिवाय लहर फिरत नाही मामा."

"फिरत नाही म्हणजे? मोटर कुठं हाय ह्याला?"

मी कागदावर दोन बाण काढून सांगितलं: एक आधी येतो, दुसरा जरा मागून, कोपऱ्यांमुळे तो उशीर होतो. मामांनी ऐकून घेतलं आणि मधोमध स्क्रू मारू का विचारलं, पत्रा हलतोय म्हणून. मला वाटलं होतं की नायलॉनचे खांब शोधावे लागणार. पण पॅचच्या मध्यबिंदूला व्होल्टेज शून्य असतं. तिथे लोखंडी स्क्रू मारून खालच्या पत्र्याला जोडलं तरी काही बिघडत नाही. मामांच्या स्क्रूवरच तो उभा आहे.

नक्षी पक्की झाल्यावर बोर्ड बाहेरून करवून घेतले. ते आले हिरव्या मास्कसकट, म्हणजे तांब्यावरच्या संरक्षक थरासकट, आणि रेघ पुन्हा काही मेगाहर्ट्झ खाली. मास्कचा थर आणि वेगळ्या गठ्ठ्याचा एफआर-४, दोघांचा मिळून परिणाम. म्हणूनच सिग्नलच्या वाटेवर एक कॉइल आणि दोन कपॅसिटर बसतील अशा जागा ठेवल्या होत्या. तिथली किंमत बदलून मेळ बसवला. हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली की रेघ सरकते, वार्निश लावलं की सरकते, पावसात ओला झाला की सगळ्यात जास्त सरकते, कारण पाण्याचा स्थिरांक ८० च्या घरात. तेव्हा सूर लावायचा तो नळी चढवून, वार्निश वाळल्यावर, आणि पट्ट्याच्या मधोमध न लावता किंचित वर, म्हणजे ओलीत खाली आला तरी पट्ट्यातच राहतो.

गेल्या तोडणीच्या हंगामात भावाने याच जोडीवर कामं केली. पायात लपलेला अँटेना अजून मोडलेला नाही, आणि माथ्यावर आकडे थांबत नाहीत. एक कटकट शिल्लक आहे. मोठी बॅटरी घातली की तिच्या लांब वायरी कुठेही लोंबतात, त्या पायाजवळ आल्या की रेघ हलते, आणि उभ्या अँटेनाचा जोर कमी होतो. वायर बांधायची जागा मी फ्रेमवर रंगाने दाखवलीय, वर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहूनही ठेवलंय, कारण ड्रोन चालवणारी दोन पोरं हुक्केरीकडची आहेत. पोरं व्यवस्थित बांधतात. भाऊच विसरतो.